खान्देशातल्या हायस्कुलात इंग्रजी: मुलांची लाज मोडून त्यांना बोलतं कसं करायचं

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीत आलेल्या पोराच्या पाठीशी इंग्रजीची सात वर्षं असतात. तरीही जळगाव, धुळे, नंदुरबारच्या एखाद्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात जाऊन नववीच्या मुलाला ‘व्हॉट डिड यू ईट टुडे?’ एवढंच विचारून बघा. प्रश्न त्याला कळलेला असतो. भाकरी, भाजी, राइस हे शब्दही त्याच्याकडे असतात. पण मान खाली जाते, शेजारचा फिदीफिदी हसतो, आणि उत्तर येतं, ‘सर, माले नही येत.’

या वयात अडचण व्याकरणाची कमी आणि लाजेची जास्त असते. दुसरी-तिसरीतलं लेकरू चुकीचं बोलून मोकळं होतं. चौदा वर्षांच्या मुलाची एक चूक मात्र त्याचं टोपणनाव होऊन वर्षभर त्याच्यामागे फिरते. म्हणून पुढची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: जे वाक्य मुलानं शेजाऱ्याशी हळू आवाजात दोनदा बोललेलं नाही, ते त्याला भरवर्गात उभं करून बोलायला लावायचं नाही.

हा लेख आठवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी आहे आणि गावात इंग्रजीचे क्लास घेणाऱ्या तरुण मुलामुलींसाठीही. वर्गात पन्नास-साठ पोरं, एक फळा आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, एवढंच धरून चाललो आहे. प्रोजेक्टर असेल तर चांगलंच, नसेल तर काही अडत नाही.

पहिला आठवडा: कोण कुठे आहे ते बघा

जूनमध्ये लगेच पहिला धडा उघडू नका. तीन साध्या गोष्टी तपासा. पहिली ऐकण्याची: ‘स्टँड अप’, ‘टच युवर बॅग’, ‘ओपन युवर बुक’, ‘गिव्ह युवर पेन टू युवर फ्रेंड’ अशा सूचना द्या आणि कोण स्वतः ऐकून करतं, कोण दुसऱ्याकडे बघून करतं ते टिपा. मुलांना बोलायला न लावता आधी ऐकून कृती करू द्यायची, ही रीत जेम्स ॲशर यांनी 1960च्या दशकात मांडली. लाजणाऱ्या वर्गासाठी ती फार कामाची आहे, कारण तोंड न उघडताही मुलाला ‘मला कळतंय’ हे दाखवता येतं.

दुसरी वाचनाची. सहावीच्या पुस्तकातला पाच ओळींचा उतारा प्रत्येकाकडून तुमच्या टेबलाजवळ, हळू आवाजात वाचून घ्या. बाकीचे तेवढा वेळ काहीतरी लिहीत बसतील. तिसरी लिहिण्याची: घराबद्दल पाच वाक्यं, स्पेलिंगची फिकीर न करता.

यातून तीन गट आपोआप दिसतील. ते वहीत नोंदवा, वर्गात जाहीर करू नका. ‘ढ’ गटात बसवलेलं पोर पुढची तीन वर्षं ढ राहण्याचं काम मन लावून करतं.

प्रत्येक आठवीत काही मुलं अशी निघतातच, की जी मराठी घडाघडा वाचतात आणि इंग्रजी अक्षरांशी अडतात. त्यांच्यासाठी परिपाठाआधी किंवा मधल्या सुट्टीत रोज दहा मिनिटं काढा. अक्षराचं नाव नको, आवाज शिकवा. ‘बी’ नव्हे, ‘ब’. ‘एम’ नव्हे, ‘म’. देवनागरीमुळे अक्षर म्हणजे आवाज ही सवय त्यांना आहेच, तिचा फायदा घ्या. आधी पेन, कॅट, सन, पिन असे तीन अक्षरांचे शब्द. ते जमले की शेवटी मुकं ‘ई’ लागल्यावर मधला स्वर कसा बदलतो ते जोड्यांनी दाखवा: कॅपचं केप, पिनचं पाइन, हॉपचं होप. ही जोडी एकदा डोक्यात बसली की पुढचे कितीतरी शब्द मुलं स्वतः सोडवतात, आणि आपल्याला वाचता येतं हे कळल्यावर त्यांचा चेहरा बदलतो.

मुलांच्या तोंडात आधीच असलेली इंग्रजी

रावेर-यावल पट्ट्यात केळी असलेल्या घरातलं पोर रोज काय बोलतं? ड्रिप, लॅटरल, व्हॉल्व्ह, फिल्टर, मोटर, स्टार्टर, टिश्यू कल्चर. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या मुलाला ड्यूटी, नाईट शिफ्ट, सिग्नल, प्लॅटफॉर्म पाठ असतं. धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्गालगत ज्याच्या बापाचं गॅरेज आहे, त्याला टायर, ब्रेक, गिअर, ऑइल शिकवायला लागत नाही. सुरुवात इथूनच करायची.

एक तास यासाठी द्या. ‘घरात, शेतात, दुकानात, मोबाईलवर तुम्ही वापरता ते इंग्रजी शब्द सांगा,’ म्हणा आणि फळा भरू द्या. एरवी गप्प बसणारी पोरंही इथे बोलतात, कारण हे त्यांचं स्वतःचं आहे. फळा भरल्यावर एक गोष्ट उघड दिसते: नामं भरपूर आहेत, क्रियापदं जवळपास नाहीत. मुलं वाक्य करू शकत नाहीत ते याच कारणानं. मग तुम्ही फक्त क्रियापदं पुरवा: स्टार्ट, स्टॉप, ओपन, क्लोज, क्लीन, चेक, फिल, कट, लोड.

आता ड्रिपवाल्या मुलाला विचारा, सकाळी शेतात पाणी सोडताना आधी काय, मग काय? थोड्या मदतीनं तो सांगतो: ‘फर्स्ट माय फादर स्टार्ट्स द मोटर. देन ही ओपन्स द व्हॉल्व्ह. ही चेक्स द लॅटरल. ऑन संडे ही क्लीन्स द फिल्टर.’ चार वाक्यांत साधा वर्तमानकाळ आला, क्रियापदाला लागणारा ‘स’ आला, ‘फर्स्ट’ आणि ‘देन’ आलं. शिवाय यातलं त्याला शिक्षकापेक्षा जास्त कळतं. वर्गात ज्याला कधी कोणी काही विचारलं नाही, त्याला आपल्या विषयातलं सांगताना लाज वाटत नाही.

आधी जोडीत, मग वर्गात

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून सावकाश सांगतो.

फळ्यावर एक प्रश्न आणि त्याच्या उत्तराचा सांगाडा लिहा. उदाहरणार्थ, ‘हू गेट्स अप फर्स्ट इन युवर हाउस?’ आणि खाली ‘माय … गेट्स अप फर्स्ट. ही ऑर शी …’ अशी मोकळी जागा. तुम्ही प्रश्न दोन-तीनदा स्पष्ट म्हणा, सगळा वर्ग एकत्र म्हणेल. समूहात आवाज मिसळतो, त्यामुळे लाज नाही. मग एक मिनिट शांतता: प्रत्येकानं आपलं उत्तर वहीत लिहायचं. मग शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर ऐकायचं, मग उलट. त्यानंतर मागच्या बाकावरच्याशी तेच. एवढं झाल्यावरच तुम्ही चार-पाच जणांना विचारा, आणि तेही जागेवरूनच. उभं राहायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आता ते वाक्य त्यांच्या तोंडातून दोनदा गेलेलं असतं. जीभ वळलेली असते.

मुलं-मुली वेगवेगळ्या रांगेत बसत असतील तर पहिल्या सत्रात जोड्या बसल्या जागीच करा. गावच्या शाळेत जुलैमध्ये मुला-मुलीची जोडी लावली की दोघंही मुके होतात आणि तास वाया जातो. दिवाळीनंतर चौघांचे गट करा, तेव्हा ते आपसूक जमतं.

गोंगाट होणार. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, की अमुक तासाला आवाज आला तर तो कामाचा आवाज आहे. मुलं मध्येच मराठीत किंवा अहिराणीत घसरतील, घसरू द्या. साठ मुलांच्या वर्गात एकेकाला उभं करून बोलायला लावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला तासात एक मिनिटसुद्धा येत नाही. जोड्यांमध्ये पाच मिनिटांत सगळी साठ मुलं बोललेली असतात. त्यातलं अर्धं चुकीचं असलं तरी हा सौदा फायद्याचाच आहे.

हसण्याबद्दल पहिल्याच दिवशी मराठीत, स्पष्ट सांगा: गमतीवर हसा, चुकीवर नाही. कोणी हसलं तर छडी नको, टोमणाही नको. थांबा, त्याच्याकडे बघा, पुन्हा सुरू करा. पहिल्या महिन्यात यात एकदाही सूट देऊ नका. आणि हा नियम शिक्षकालाही लागू आहे. मुलाच्या उच्चाराची नक्कल करून वर्ग हसवणारा शिक्षक त्या मुलाचं इंग्रजी तिथेच संपवतो.

प्रश्न विचारून थांबायला शिका. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबताना आढळले. तो थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरं लांब येऊ लागली आणि गप्प मुलंही बोलू लागली. हे तर त्या मुलांच्या स्वतःच्या भाषेतलं. आपल्या मुलाला प्रश्न मनात मराठीत आणायचा असतो, उत्तर शोधायचं असतं, परत इंग्रजीत न्यायचं असतं. त्याला पाच सेकंद द्या.

प्रश्नही खरे असावेत, म्हणजे ज्यांचं उत्तर तुम्हाला आधी माहीत नाही असे. ‘व्हॉट इज युवर नेम?’ हे मूल पहिलीपासून ऐकत आलंय. त्याऐवजी ‘विच इज हार्डर, पिकिंग कॉटन ऑर कॅरीइंग बनानाज?’ विचारा. वाद होतो, आणि वादात मुलं लाजायचं विसरतात.

जोडीकामात रुळलेल्या वर्गाला पुढे कोडी द्या. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांमध्ये हेच करून पाहिलं. बंगळूर प्रकल्प म्हणून ते काम जगभर ओळखलं जातं. व्याकरणाचे नियम सांगण्याऐवजी त्यांनी मुलांना वेळापत्रक, नकाशे अशा गोष्टींवर डोकं चालवायला लावलं. आपल्याकडे सुरत-भुसावळ मार्ग आहेच. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी पाच स्टेशनं आणि तुमच्या मनाच्या वेळा घालून तीन गाड्यांचं वेळापत्रक फळ्यावर काढा. प्रश्न: आजीला अकराच्या आत जळगावच्या दवाखान्यात पोचायचं आहे, दोंडाईच्याहून कोणती गाडी धरावी, आणि का? ‘बिकॉज’ लावून एक वाक्य तरी आलंच पाहिजे.

अहिराणीला वर्गात जागा द्या

इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी, हा आग्रह मला पटत नाही. समजावून सांगायला मराठी वापरा आणि जिथे बोली जास्त उपयोगी तिथे बोली वापरा. सोपी सूचना मात्र रोज इंग्रजीतच द्या. ‘ओपन पेज ट्वेंटी’ मराठीत सांगण्याची गरज नाही.

बोली कुठे उपयोगी पडते याचं एक पक्कं उदाहरण देतो. ‘आय अ‍ॅम गो टू स्कूल’ ही चूक आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते. मुलं ‘अ‍ॅम’ कुठेही चिकटवतात, कारण साधा वर्तमान आणि चालू वर्तमान यांतला फरक त्यांना नियमानं सांगितलेला असतो, जाणवलेला नसतो. अहिराणीत हा फरक अगदी ठळक आहे. रोजचं जाणं म्हणजे ‘मी शाळामा जास’. आत्ता वाटेवर असणं म्हणजे ‘मी शाळामा जाई राह्यनू’. हे दोन्ही फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. ‘जास’ हा एकच तुकडा, म्हणून ‘गो’ एकटंच. ‘जाई राह्यनू’ हे दोन तुकडे, म्हणून ‘अ‍ॅम गोइंग’ हेही दोन तुकडे. मग तोंडी सराव: तुम्ही अहिराणीत म्हणा, मुलं इंग्रजीत. ‘मन्ही माय सैपाक करस.’ ‘माय मदर कुक्स.’ ‘मन्ही माय सैपाक करी राह्यनी.’ ‘माय मदर इज कुकिंग.’ पाच मिनिटांत जे होतं ते काळाच्या तक्त्यानं महिनाभरात होत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. अहिराणीत ‘मी करस’, ‘तू करस’, ‘तो करस’ सगळीकडे ‘स’ आहे. इंग्रजीत तो फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि एका माणसाच्या किंवा वस्तूच्या नावापुढे. ‘आय गोज’ कानावर आलं की त्याचं मूळ इथे असू शकतं, तेवढं लक्षात ठेवून दुरुस्त करा.

आणखी एक फायदा होतो. जी बोली बोलली म्हणून मुलाला कधी तरी हिणवलं गेलंय, ती शिक्षक फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं सरसावून बसतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडे तर मराठीसुद्धा घरची नसते. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा आहे, ती दुसरीसारखी शिकवून चालणार नाही. तुम्हाला त्यांची बोली येत नसेल तर त्यांनाच विचारा, ‘हे तुमच्याकडे कसं म्हणतात?’ आणि फळ्यावर देवनागरीत लिहून घ्या.

एक तास जवळून: फवारणीच्या औषधाचं लेबल

कापसाच्या गावात हा तास ऑगस्टमध्ये घ्यावा, फवारण्या सुरू असताना. बाटली वर्गात आणायची नाही. कृषी सेवा केंद्रातून माहितीपत्रक मागून घ्या किंवा लेबलचा फोटो मोठा करून दोन-दोन मुलांत एक प्रत द्या.

आधी लेबलवरचा टोकावर उभा, दोन त्रिकोणांत विभागलेला चौकोन दाखवा. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर तो असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. विचारा, ‘विच कलर इज द मोस्ट डेंजरस?’ जोडीत अंदाज बांधू द्या. मग वरच्या त्रिकोणातले शब्द वाचायला सांगा: लाल आणि पिवळ्याला ‘पॉइझन’, निळ्याला ‘डेंजर’, हिरव्याला ‘कॉशन’. धोक्याच्या पायऱ्या दाखवणारे तीन शब्द एका फटक्यात शिकून होतात, पाठांतराशिवाय.

मग शोधाशोध. ‘फाइंड द एक्स्पायरी डेट.’ ‘फाइंड द डोस.’ ‘फाइंड द अँटिडोट.’ सगळं वाचायचं नाही, हवं तेवढंच हुडकायचं. दहावीच्या न पाहिलेल्या उताऱ्याला हेच कौशल्य लागतं, पण तिथे ते कंटाळवाणं वाटतं, इथे वाटत नाही. बऱ्याच माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत मराठीही छापलेलं असतं. उत्तर ताडून बघायला ते उपयोगी पडतं.

पुढची दहा मिनिटं हालचालीची. ‘वेअर ग्लव्ह्ज.’ ‘कव्हर युवर नोज अँड माउथ.’ ‘डू नॉट ईट, ड्रिंक ऑर स्मोक.’ ‘वॉश युवर हँड्स विथ सोप.’ एकानं हुकूम सोडायचा, दुसऱ्यानं करून दाखवायचा. आज्ञार्थ आणि ‘डू नॉट’ इथे रुजतात, व्याकरणाचं नाव न घेता. शेवटी प्रत्येकानं आपल्या घरच्या औषधाच्या फडताळावर लावायला तीन वाक्यांची पाटी लिहायची, वर इंग्रजी आणि खाली घरच्यांना कळेल अशी बोली.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तसाच कापूस आपल्याकडेही आहे, तेच पंप आहेत, आणि लेबल वाचू शकणारं घरातलं एकमेव माणूस बऱ्याचदा तुमच्या वर्गातली नववीतली मुलगी असते. अशा एका तासानंतर दुसऱ्या दिवशी एका मुलीनं येऊन सांगितलं, की घरातल्या एका बाटलीची मुदत संपलेली होती आणि तिनं ते वडिलांना दाखवलं. ती तोवर वर्गात स्वतःहून कधी बोलली नव्हती.

शब्द आणि धडा

मायकेल वेस्ट यांनी ब्रिटिशकाळी ढाक्याला शिक्षक घडवण्याचं काम केलं. त्यांनी 1953 साली इंग्रजीतल्या सर्वांत जास्त वापरातल्या साधारण 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आजही साध्या मजकुरातले बहुतेक शब्द एवढ्याच संचातले असतात. म्हणून धड्याखालचे अवघड, पुन्हा कधी न भेटणारे शब्द पाठ करून घेण्यात वर्ष घालवू नका. ब्रिंग, कीप, लीव्ह, बिटवीन, इनफ, ऑलमोस्ट असे रोजचे शब्द आधी पक्के करा.

दिवसाला पाच शब्द पुरेत, पण ते उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा समोर आले पाहिजेत. फळ्याच्या कोपऱ्यात जुन्या शब्दांची जागा कायमची आखून ठेवा आणि तास सुरू होताच पहिली तीन मिनिटं तिथे द्या. शब्द सुटा नको, जोडीनं द्या: ‘टेक’ नव्हे तर ‘टेक अ बस’, ‘टेक मेडिसिन’.

धडा वाचताना एकेका मुलाला उभं करून एकेक परिच्छेद वाचायला लावण्याची पद्धत सोडून द्यावी. वाचणारा घाबरलेला असतो, बाकीचे झोपलेले. आधी तुम्ही धड्याचा गाभा मराठीत चार वाक्यांत सांगा. मग दोन प्रश्न फळ्यावर लिहा आणि त्यांची उत्तरं शोधायला मुलांना मनात वाचू द्या. मग तुम्ही मोठ्यानं वाचा, मुलं बोट ठेवून ऐकतील. शेवटी जोडीत एकमेकांना वाचून दाखवू द्या. ओळ-न्-ओळ भाषांतर करत बसू नका. ते झालं की मुलांनी इंग्रजी वाचण्याचं काही कारणच उरत नाही.

उच्चारांवर फार वेळ घालवू नका, अर्थ बदलतो तेवढेच धरा. पेन आणि पॅन, शिप आणि शीप, सी आणि शी. इस्कूल, इस्टेशन म्हणणाऱ्याला आधी ‘स्स्स’ लांबवून मग ‘कूल’ जोडायला सांगा. ऐकण्यासाठी रेल्वे स्टेशनवरची इंग्रजी घोषणा मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. मराठी आणि हिंदी घोषणा मुलांनी ऐकलेली असल्यामुळे इंग्रजीचा अर्थ लागतोच, आणि आपल्याला कळलं याचा आनंद होतो.

चूक कधी दाखवायची

मूल बोलत असताना मध्ये तोडायचं नाही. त्यानं ‘यस्टर्डे आय गो टू चोपडा’ म्हटलं, तर ‘ओ, यू वेंट टू चोपडा! व्हाय?’ असं म्हणून पुढे चला. बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, गोष्ट थांबली नाही. जोडीकामाच्या वेळी तुम्ही वर्गात फिरत कानावर येतील त्या चुका चिठ्ठीवर टिपा आणि शेवटच्या पाच मिनिटांत तीन-चार वाक्यं, कोणाची ते न सांगता, फळ्यावर लिहा. वर्गच दुरुस्त करेल.

आठवीत ‘अ’ आणि ‘द’ यांच्या मागे लागू नका. मराठीत ही चीजच नाही, ती यायला वर्षं लागतात. त्याऐवजी शब्दांचा क्रम आणि भूतकाळ पक्का करा, कारण ते चुकलं तर अर्थच बदलतो. ‘डिड यू वेंट’, ‘ही डोंट नो’ या नववीत हाताळण्याच्या गोष्टी आहेत.

वह्या तपासताना पानभर लाल शाई म्हणजे मुलाला ‘तू लिहूच नकोस’ असं सांगणं. एका वेळी एकच प्रकारची चूक अधोरेखित करा. या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त मोठी अक्षरं आणि पूर्णविराम. साठ वह्यांचा भारही त्यानं हलका होतो.

लिहितं करायला भित्तिपत्रकासारखं साधन नाही. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. आपल्याला दैनिक नको, पंधरवड्याला एक कार्डशीट पुरे. त्यावर गावातल्या बातम्या इंग्रजीत: कोणाची म्हैस व्याली, सारंगखेड्याच्या यात्रेत कोणता घोडा पाहिला, कानबाईच्या रोटांना कोण कोण पाहुणे आले. प्रत्येकी दोनच वाक्यं, आधी कच्च्या कागदावर, मग दुरुस्त करून पक्की. स्वतःचं नाव भिंतीवर लागणार म्हटल्यावर मुलं स्पेलिंग आपणहून विचारायला येतात.

वेचणीचे दिवस

ऑक्टोबर ते डिसेंबर कापसाची वेचणी असते आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातात, नंदुरबारकडची बरीच कुटुंबं गुजरातेत कामाला जातात. हे दरवर्षी होतं, त्यामुळे नियोजनातच धरा. या तीन महिन्यांत एकावर एक रचलेला अवघड भाग घेऊ नका. प्रत्येक तास स्वतंत्र, त्याच दिवशी पूर्ण होणारा ठेवा: एक कोडं, एक पत्र, एक छोटा उतारा. परत आलेल्या मुलाला ‘इतके दिवस कुठे होतास?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्याच्याशेजारी हजर राहिलेला मुलगा बसवा आणि फळ्याच्या कोपऱ्यातले जुने शब्द त्याच्याकडून करून घ्यायचं काम त्याला द्या. शक्य असेल तर गेलेल्या मुलाच्या घरच्या फोनवर आठवड्याला एखादा आवाजी संदेश पाठवा, एका इंग्रजी प्रश्नासह. उत्तरही आवाजीच मागा. शेतात बसून एकट्यानं रेकॉर्ड करताना पोरं वर्गापेक्षा मोकळी बोलतात.

दहावी

आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. तृतीय भाषा इंग्रजीचे 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत. लेखीची आता कृतिपत्रिका असते, म्हणजे पाठ केलेल्या उत्तरांऐवजी भाषा वापरून करायच्या कृती, त्यामुळे अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून फार काही हाती लागत नाही. उतारे, पत्र, माहितीचं रूपांतर, मराठीत भाषांतर यांची तयारी आठवी-नववीतल्या वरच्या कामातूनच झालेली असते. दहावीत बदल एवढाच, की डिसेंबरपासून आठवड्यातून एक तास घड्याळ लावून लिहिण्याचा ठेवा.

काठावरच्या मुलांसाठी वेगळी आखणी करा. त्यांना पुस्तकातला उतारा, पत्राचा साचा आणि भाषांतर एवढ्या तीनच गोष्टी रोज द्या. उताऱ्यात उत्तर शोधण्याची युक्ती हातानं दाखवा: प्रश्नातला मुख्य शब्द अधोरेखित करायचा, उताऱ्यात तोच शब्द शोधायचा, त्याच्या आजूबाजूचं वाक्य लिहायचं. पत्रात पत्ता, तारीख, मायना यांची जागा चुकू नये म्हणून पंधरा-वीस पत्रं नुसत्या सांगाड्याची लिहून घ्या, आतला मजकूर नंतर. प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे जानेवारीपासून प्रत्येक सरावाला सांगत राहा.

आणि तोंडी परीक्षेचे गुण आंधळेपणानं वाटू नका. ती खरोखर घ्या, पण जोडीनं: दोन मुलं तुमच्या टेबलाशी बसतील, एकमेकांना तीन प्रश्न विचारतील, तुम्ही ऐकाल. प्रश्न आठवडाभर आधी फळ्यावर लिहून ठेवा म्हणजे सराव होईल. एकट्यानं समोर उभं राहिल्यावर गप्प होणारी मुलं मित्राशेजारी बसून बोलतात, आणि त्यांचे गुण त्यांना खरे मिळतात.